किडनीचा निरोप राहून गेला

रक्त कसं तयार होतं यावरचा तुमचा लेख वाचला. रक्तातल्या लाल पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मऊ गरात तयार होतात, त्यांना लोह आणि फोलेट, बी-१२ ही जीवनसत्त्वं लागतात, हे त्यात छान सांगितलंय. पण मज्जेला ‘पेशी बनव’ हा निरोप कुठून येतो, ते राहून गेलं. तो मुख्यतः किडनीतून येतो. रक्तातला ऑक्सिजन कमी पडला की किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडते, मग मज्जा कामाला लागते.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. माझी माय अंबाजोगाईकडच्या खेड्यात राहते, जुनी शुगर-बीपीची. हिमोग्लोबिन ७ वर आलं. सहा महिने आम्ही बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोहाच्या गोळ्या देत राहिलो. खुरपायला गेली की अर्ध्या तासात धाप लागून बांधावर बसायची. खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. किडनी नीट चालतेय का ते सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी कुणी केलीच नाही! लातूरला तपासलं तेव्हा दोन्ही किडन्या खराब निघाल्या. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं सुरू केली, तेव्हा कुठं तीन महिन्यांनी आकडा १० वर गेला.

घरात शुगर-बीपीचं माणूस असेल अन् रक्त कमी दिसलं, तर बीटावर थांबू नका, डॉक्टरांना क्रिएटिनिनचं विचारा. लेखात हे जोडाच, कळकळीची विनंती.