‘टेस्टी’ म्हणजे नेमके कसे?

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, म्हणजे शेतात पूजा करून तिथेच जेवायच्या सणाला, लातूरजवळच्या आमच्या शेतात कडब्याच्या कोपीपुढे (खोपीपुढे) पंगत बसली होती. तुरीचे, हरभऱ्याचे आणि वाटाण्याचे ओले दाणे घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील असा नेहमीचा थाट होता. पुण्याहून आलेल्या भाचीने पहिल्याच घासाला अगदी मनापासून सांगितले, “आज्जी, भज्जी खूप टेस्टी झालीय.” आई हातातली पळी तशीच धरून थांबली आणि तिने विचारले, “टेस्टी म्हंजी कशी गं? चिंच पुरली का?” भाचीने पुन्हा तोच शब्द उच्चारला.

भाचीच्या कौतुकात खोट नव्हती; उणीव त्या शब्दात आहे, असे माझे ठाम मत आहे. पदार्थ आवडला, एवढेच तो सांगतो. रांधणाऱ्या हाताला काय साधले, हे सांगत नाही. खमंग म्हटले की भाजणे किंवा फोडणी जमली, हे लगेच कळते. लग्नाच्या रुखवतात दिले जाणारे आपले येसर म्हणजे धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेले पीठ. ते भाजताना घाई झाली, तर पुढे आमटीत कितीही तिखट ओता, तिला जुनी माणसे खमंग म्हणणार नाहीत. खरपूस हा शब्द काळसर ठिपके पडलेल्या ज्वारीच्या भाकरीचा, तर झणझणीत हा काळ्या तिखटाच्या त्या रश्श्याचा, जो ओरपताना नाकाडोळ्यांतून पाणी येते आणि तरीही हात थांबत नाही. रुचकर मात्र आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव आणणाऱ्या साध्या वरणालाही शोभतो.

परक्या शब्दांशी माझे वैर नाही, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्याने ते धरूही नये. लज्जत हा मूळचा अरबी शब्द आपण केव्हाच आपला केला. पण लज्जत आली म्हणून खमंग गेला नाही. आता औरंगाबादकडचा मटणाचा नान खलियाही टेस्टी, केसर आंबाही टेस्टी आणि आइस्क्रीमही टेस्टी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या दिवशी आई अजून उत्तराची वाट पाहत होती, म्हणून शेवटी मीच सांगितले, “आई, आंबट बेताचं हाय, पण दाणे जरा गाळ झालेत.”

“व्हय,” ती लगेच म्हणाली, “पहाटं चूल लई भडकली व्हती.”