7:51 चा मेल

7:51. तास आठचा, आणि तास रद्द झाल्याचा मेल 7:51 ला. "प्रतिकूल हवामानामुळे आजच्या सर्व तासिका रद्द करण्यात येत आहेत." काल दुपारपासून हवामान खातं कंठशोष करत होतं, रात्रीत 30 सेंटीमीटर बर्फ पडणार, पहाटे वारा सुटणार. पडलाही तेवढाच, सुटलाही तेव्हाच. काल रात्री दहाला दोन ओळी लिहून पाठवायला कोणाचा हात धरला होता? पहाटे सहाला तरी पाठवायचा! सहाला उठून मी पहिलं काम केलं ते मेल बघण्याचं. काही नाही. साडेसहाला बघितलं, काही नाही. सातला बघितलं, तेव्हाही काही नाही. म्हणजे तास आहे. हजेरीचे गुण आहेत आणि माझी दोनदा आधीच बुडालीय. निघाले.

एरवी 12 मिनिटांची वाट. आज 35 लागली.

उणे 12 तापमान आणि ताशी 30 किलोमीटरचा वारा, म्हणजे उघड्या कातडीला ते उणे 22 सारखं लागतं. पापण्यांवर श्वासाची वाफ गोठत होती. फोन 40 टक्के चार्ज होता, तो अर्ध्या वाटेत बंद पडला. लिथियम-आयन बॅटरीचं थंडीत असंच होतं, आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि फोन चार्ज शिल्लक असताना मान टाकतो. त्यामुळे 7:51 चा तो मेल मला 7:51 ला कळलाच नाही. कळला कधी, तर इमारतीचं दार दोन्ही हातांनी ओढून बघितलं तेव्हा. कुलूप. दारावर एक चिठ्ठीसुद्धा नाही. माझ्यासारखेच आणखी चौघं तिथे उभे. त्यातली एक तर पहिल्या बसने आलेली आणि पुढच्या बस बंद झालेल्या. तिचा फोन चालू होता, तिनेच मला मेल दाखवला.

आणि दारापर्यंत पोचले ती कशी, तेही ऐका. बर्फ हटवणारी गाडी येऊन गेली होती ना! गाड्यांसाठी रस्ता आरशासारखा लख्ख. मग रस्त्यावरचा बर्फ गेला कुठे? फुटपाथवर. आणि नेमका कोपऱ्यावर, जिथे चालणाऱ्याला रस्ता ओलांडायचा असतो तिथे कमरेइतकी भिंत. ज्यांनी कधी उपसला नाही त्यांना बर्फ म्हणजे कापूस वाटतो. ताज्या बर्फाचा 10 सेंटीमीटरचा थर वितळला की साधारण 1 सेंटीमीटर पाणी होतं. म्हणजे 30 सेंटीमीटर पडला तर एका चौरस मीटरवर 30 किलो. तसला पूर्ण रस्ताभर पडलेला बर्फ दाबून, ढकलून एका कोपऱ्यात रचायचा आणि वर पहाटेच्या थंडीत तो दगड व्हायचा. मी ती भिंत चार पायांवर चढून ओलांडली. पाठीवर लॅपटॉप. चाकाच्या खुर्चीतून येणारा एक मुलगा आमच्या वर्गात आहे, त्याने काय करायचं? हा प्रश्न मी गेल्या वर्षीही विचारला होता, लेखी.

पुढे पायऱ्या. त्यांच्यावर मीठ टाकलेलं होतं, दिसत होतं. पण साधं मीठ साधारण उणे 9 च्या खाली जवळजवळ कामच करत नाही! काल दिवसा त्याच मिठाने पायऱ्यांवरचा जुना बर्फ वितळवला, ते पाणी तिथेच राहिलं, रात्री गोठलं, आणि काचेसारखा थर तयार झाला. वरून नवा बर्फ, त्यामुळे दिसतही नाही. इतक्या थंडीत कॅल्शियम क्लोराईड लागतं, किंवा निदान वाळू टाकावी, पायाला धर तरी मिळतो. मी तिसऱ्या पायरीवरून घसरले ती खालपर्यंत. उजवं मनगट सुजलंय, हे सगळं डाव्या हाताने टाइप करतेय.

पहाटे चारला येऊन फावड्याने वाटा मोकळ्या करणाऱ्या माणसांवर माझा काडीचाही राग नाही. त्यांची बोटं आखडलेली असतात आणि तरी ते आपल्याला बघून मान हलवतात. राग आहे तो उबदार घरात बसून पडद्याआडून बाहेर बघत "थोडं थांबून ठरवू" म्हणणाऱ्यांवर.

खोलीवर आले, बूट काढले, फोन चार्जिंगला लावला. दुसरा मेल. आणि इथे खरं डोकं फुटलं.

बुडालेले दिवस भरून काढण्यासाठी परीक्षा दोन दिवस पुढे. म्हणजे माझा शेवटचा पेपर 18 तारखेऐवजी 20 तारखेला. माझं तिकीट 19 च्या सकाळचं. सप्टेंबरात काढलेलं, कारण डिसेंबरात काढायला गेलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि वसतिगृह 21 ला दुपारी बाराला बंद! ती तारीख मात्र हललेली नाही. परीक्षा सरकते, आमची सुट्टी सरकते, पण कुलूप लावायची वेळ दगडावरची रेघ. 20 च्या संध्याकाळी पेपर देऊन, खोली रिकामी करून, नवं तिकीट मिळालं तर घेऊन, मी 21 च्या दुपारच्या आत निघायचं. नाही मिळालं तर? सुट्टीत राहायचा अर्ज करायची मुदत ऑक्टोबरातच संपली. ऑक्टोबरात मला कुठे माहीत की डिसेंबरात बर्फ पडून पेपर पुढे जाणार!

गेल्या वर्षी मी सुट्टीत इथेच राहिले होते. घरी जाणं जमलं नव्हतं. सगळ्या मजल्यावर मी आणि आणखी एक मुलगी. हीटर कमीत कमीवर, स्वयंपाकघराला कुलूप, ग्रंथालय बंद, चार वाजता बाहेर अंधारायला लागायचं. आठव्या दिवशी मी आईला फोन केला आणि बोलताच येईना. ती नुसतीच "अगं बोल ना, अगं काय झालं" म्हणत राहिली. म्हणून यंदा सप्टेंबरातच तिकीट काढलं. दिवस मोजत होते मी, आणि मोजलेल्या दिवसांतले दोन कोणीतरी कलमाच्या एका फटक्यात काढून घेतले.

उरलेल्या सुट्टीत तरी सुट्टी असेल? "निवांत वेळ आहे तर" वाचायला दोन प्रकरणं, शिवाय सहा जणांचा गट प्रकल्प. त्या सहांतले तिघं सुट्टीत फोन उचलत नाहीत, आणि जमा करायची तारीख तास सुरू व्हायच्या पहिल्या सकाळची. सुट्टी द्यायची तर सुट्टी द्या. नाहीतर त्याला सुट्टी म्हणू नका.

आजच्या मेलच्या शेवटी आणखी एक ओळ होती: दुपारचे तास "शिक्षकांच्या सोयीनुसार ऑनलाइन होऊ शकतात." कोणते होणार, कोणते नाही, ते आम्ही शोधायचं. म्हणजे बर्फामुळे रद्द झालेला दिवस पुढे सुट्टीतून कापणार, आणि त्याच दिवशी स्क्रीनसमोर पण बसवणार. मग भरपाई नेमकी कशाची?

आणि कृपा करून मला "किती सुंदर दिसतंय गं" म्हणू नका. सकाळपासून तिघांनी म्हटलंय, आमच्या काकू धरून. मला माहीत आहे सुंदर दिसतं ते. पहिल्या वर्षी पहिला बर्फ पडला तेव्हा बाहीवर झेलून सहा पाकळ्या मोजत मी तासभर बाहेर उभी होते. विल्सन बेंटली नावाच्या माणसाने 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात 5000 च्या वर काढले, हे तेव्हाच वाचलं होतं. तो माणूस आजही मला प्रिय आहे. पण 1931 च्या डिसेंबरात तो हिमवादळातून चालत घरी आला, न्यूमोनिया झाला आणि गेला. इतका जीव लावणाऱ्यालाही बर्फाने सोडलं नाही. खिडकीतून बघणाऱ्यांनी मला सौंदर्य शिकवू नये.

परीक्षा विभागाला मेल केलाय. तिकिटाची प्रत, मनगटाचा फोटो, वसतिगृहाच्या नोटिशीची प्रत, सगळं जोडलंय. "तीन ते पाच कार्यालयीन दिवसांत उत्तर मिळेल" असं यंत्राचं उत्तर लगेच आलं. म्हणजे ते जमतं, लगेच मेल पाठवणं.

बाहेर परत भुरभुर सुरू झालीय. उद्याही आठचा तास आहे. मेल अजून आलेला नाही.