हेक्टरचा हिशेब आणि दहा गुंठ्यांची वाडी

सकाळपासून ग्रुपवर किनाऱ्यावरच्या मॉकड्रिलचे, म्हणजे आपत्तीच्या तालमीचे, फोटो फिरताहेत. केशरी कपड्यांतले एनडीआरएफचे (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे) जवान, रबरी होड्या, स्ट्रेचरवर झोपवलेला एक पोरगा आणि शेवटी भाषण, 'यंत्रणा सज्ज आहे.' खाली सगळ्यांचे अंगठे. मला नाही देववला.

जवानांबद्दल वाईट शब्द काढणार नाही. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडातल्या श्रीवर्धन-दिवेआगरवर आलं. ताशी 100-110 किलोमीटरचा वारा. त्यानंतर आडवे पडलेले वृक्ष कापून रस्ते मोकळे करणाऱ्यांत हीच पोरं होती. हवामान खात्याने आधी सांगितलं, माणसं वेळेत हलवली, म्हणून जीव वाचले. मान्य. पण मॉकड्रिल जिथे संपतं ना, तिथून आमचं सुरू होतं.

आमच्या काकीची वाडी दहा गुंठ्यांची. रोठा सुपारी, मधे माड, विहिरीच्या अंगाला जायफळ. वादळानंतर सुपाऱ्या मधोमध मोडून एकमेकींवर पडलेल्या, विहिरीपर्यंत जायला कोयत्याने वाट काढावी लागली. घरावर पत्रा नाही, वीज नाही, आणि काकी येईल त्याला एकच विचारत होती, "पंचनाम्याला कधी येतायत?"

आले. पंचनामा झाला. मग सातबारा बघितला. सामाईक! आजेसासऱ्यांपासूनची नावं, निम्मे विरार-डोंबिवलीला, दोघं वारलेले आणि वारसनोंद नाही. सगळ्यांची संमतीपत्रं आणा म्हणे. लॉकडाऊनमध्ये? कुठून आणायची तिने? कोकणात सामाईक नसलेला सातबारा दाखवा मला!

2005 च्या कायद्याने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण झालं, खुद्द पंतप्रधान त्याचे अध्यक्ष. राज्याच्या आपत्ती निधीत रुपयातले 75 पैसे केंद्राचे. राज्याने निवेदन पाठवायचं, दिल्लीचं पथक पाहणी करून जाणार. सगळं रीतसर. पण मदतीचे निकषही दिल्लीचेच, आणि ते हेक्टरमध्ये. आमच्याकडे हेक्टर आहे कुणाकडे? निसर्गनंतर राज्याने बागायतीला हेक्टरी 50,000 केले, बरंच केलं. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा जेमतेम दहावा भाग, त्याचे होतात 5,000. पडलेली झाडं उचलायची मजुरी तरी सुटते का त्यात? सुपारी लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात, ती कुठल्या रकान्यात लिहायची? पुढे झाडामागे मदत द्यायचं ठरलं हे खरं, पण ओरड झाल्यावर.

संमतीपत्र मागणाऱ्यावर तेव्हा मी खूप चिडलो होतो. आता वाटतं, तो तरी काय करणार. उद्या विरारचा पुतण्या उभा राहून 'माझा हिस्सा कुठाय' म्हणाला तर त्याचीच नोकरी जायची. काकी मात्र त्याच्यावर कधीच चिडली नाही. पंचनाम्याच्या दिवशी त्या पडझडीत चूल मांडून तिने त्याला चहा दिला होता.

म्हणून म्हणतो, तालीम करायचीच तर ह्याचीही करा. गणपतीला सगळे चाकरमानी घरी असतात. त्या दिवसांत गावात शिबिर लावा. वारसनोंदी करा, वाडी कसणाऱ्याच्या नावाने संमतीपत्रं आधीच घेऊन ठेवा, झाडं मोजून कागदावर आणा. वादळ आलं की फक्त पडलेली मोजायची. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. गावातल्यांनी या, आणि मुंबईकरांनो, तुम्ही सह्यांची तयारी ठेवा.