दिव्याच्या बिलावरून मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार मॅडम,

सकाळी अकराची वेळ देऊन आमचा इंजिनिअर तुमच्या लॅबला रक्त तपासायचं मशीन बघायला पावणेचारला पोचला, त्याबद्दल माफी मागतो. तो इचलकरंजीच्या कॉलवर अडकला होता, पण निदान फोन तरी करायला हवा होता. रिपोर्ट रखडले, तुम्हाला बोलणी खावी लागली. चूक आमचीच.

पण रिव्ह्यूत एक स्टार देऊन ‘एएमसी भरूनही (मशीनमधल्या) दिव्याचे १,४५० रुपये उकळले, ही लूट आहे’ असं लिहिलंय, त्यावर गप्प बसवत नाही.

देखभालीचा वार्षिक करार करताना मी स्वतः दोन कोटेशन घेऊन आलो होतो, साध्या कराराचं (एएमसी) आणि सर्वसमावेशक कराराचं (सीएमसी). एएमसीत वर्षाला चार व्हिजिट, कॅलिब्रेशन आणि बिघाड निघाला तर मजुरी. पार्टचे पैसे वेगळे. सीएमसीत पार्टही आमच्याकडे, म्हणून रक्कम जास्त. तुमच्या ऑफिसने एएमसी घेतली, वर त्यातही हजार रुपये कमी करून घेतले. आम्ही केले. आणि दिवा तर सीएमसीतही बहुतेक जण धरत नाहीत, तो ट्यूबिंगसारखा झिजणाराच माल.

आता दिव्याचंच सांगतो. एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) आणि युरियाचं (किडनीची टेस्ट) क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर वाचतंय का याची चाचणी, बसत नाही, शुगर मात्र बरोबर येते, अशी तुमची तक्रार होती. फोनवर ऐकूनच मी म्हटलं, दिवा गेला. या दोन्ही टेस्ट ३४० नॅनोमीटरवर, म्हणजे अतिनील उजेडात वाचतात आणि हॅलोजनचा उजेड तिथं मुळातच कमी. दिवा थकला की पहिली बोंब तिथूनच. शुगर ५०५ वर, तिथं उजेड पुरेसा असतो, त्यामुळं मशीन ठीक आहे असंच वाटत राहतं.

काढलेला दिवा आत्ता माझ्या टेबलावर आहे. काचेवर बोटाच्या पेराएवढा पांढुरका डाग पडलाय. उघड्या हातानं धरलं की हाताचं तेल काचेला लागतं आणि तापल्यावर काच तिथंच भाजते. आमची पोरं टिश्यूत धरून बसवतात. शिवाय हा दिवा आमच्या रजिस्टरला कुठंच नाही. कुणी बसवला, ते मी विचारत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात १४ वर्षं हेच काम करतोय. २०१९ च्या पुरात शिरोलीला हायवे बंद होता, तेव्हा लोकांचे सेल काउंटर (रक्तपेशी मोजायची मशीन) खांद्यावरून वरच्या मजल्यावर चढवलेत, बिल न लावता. हे बोलून दाखवायला नको होतं, पण ‘लूट’ वाचलं आणि रात्री जेवण गेलं नाही. हे रिव्ह्यू बघूनच नवीन हॉस्पिटलवाले फोन करतात हो.

पार्ट लागला तर आधी किंमत सांगून, होकार घेऊनच बसवायचा, असं पोरांना बजावलंय. ते त्या दिवशी राहिलं, हे मान्य. वेळेचंही काहीतरी बघतो. पुढच्या व्हिजिटला मी स्वतः येईन, तो दिवाही घेऊन येईन. स्टार एकच राहू दे, ‘लूट’ तेवढं काढता आलं तर बघा.