गोळ्या कुंडीत गेल्या

आज डोकं फिरलंय, तेव्हा पोस्ट लांबणार.

हत्तीरोगाच्या गोळ्या द्यायला आलेल्या ताई दारात उभ्या राहून सांगत होत्या, "माझ्यासमोरच घ्या." शेजारच्या वहिनींनी गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायल्या आणि ताईंची पाठ वळताच सगळं कुंडीत थुंकलं. वर मला म्हणतात, "धडधाकट माणसानं औषध कशाला घ्यायचं?"

माझी आत्याही धडधाकटच होती हो! डासातून आलेले हत्तीरोगाचे जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे अंगातला लसिका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, सहा-आठ वर्षं तळ ठोकतात, त्यांची पिल्लं रात्री रक्तात फिरतात आणि माणसाला पत्ताच नसतो. आत्याला पत्ता लागला तो चपलेवरून. उजव्या चपलेचा पट्टा पुरेना, म्हणून तो कापून मध्ये कापडाची पट्टी शिवली होती तिनं. पुढं ती पट्टीही पुरेना.

वहिनींचं दुसरं म्हणणं, "एकदम तीन-तीन औषधं? प्रयोग चाललाय आपल्यावर." अहो, प्रयोग कधीच झालाय! डीईसी आणि अल्बेंडाझोल पूर्वीपासून देतातच, त्यात आयव्हरमेक्टिनची भर पडली, एवढंच. भारत, हैती, फिजी, इंडोनेशिया आणि पापुआ न्यू गिनीत २६ हजारांहून जास्त लोकांवर दोन औषधं आणि तीन औषधं ताडून पाहिली. तिसऱ्यानं धोका वाढला नाही. आणि गुण? पापुआ न्यू गिनीत रक्तात पिल्लं असलेल्यांना तिन्ही औषधं एकदाच दिली. वर्षानं तपासलं तर ९६ टक्क्यांच्या रक्तात एकही नाही. दोनच औषधं दिली होती, त्यांच्यात हेच ३२ टक्के.

हो, ताप येतो, डोकं दुखतं, गरगरतं काहींना. मान्य. पण ते बहुतेक जंत मरतात म्हणून. ज्याला त्रास झाला त्याच्याच अंगात ते असण्याची शक्यता जास्त, आणि नेमका तोच सगळ्यांना सांगत सुटतो, "घेऊ नका"! गरोदर बायका, फार आजारी माणसं, लहान मुलं यांना तिन्ही देत नाहीत. आफ्रिकेत जिथं नदीअंधत्व (माशीतून पसरणारा, दृष्टी घालवणारा दुसरा एक जंतांचा रोग) आहे तिथं डीईसी सर्रास वाटत नाहीत, डोळ्यांना धोका असतो. हेही मान्य. झालं?

चिडून लिहितेय खरी, पण मीही काही वेगळी नव्हते. आत्याचा पाय सुजल्यावर गोळ्या आल्या तेव्हा मीच म्हटलं होतं, "आता काय उपयोग?" जुनी सूज गोळीनं उतरत नाही, हे खरंच आहे. ती तेव्हा पाय धूत बसली होती. साबण लावून, एकेक बोट फाकवून, मऊ कपड्यानं मधली जागा टिपत. मान वर न करता म्हणाली, "मला चावलेला डास उद्या तुलाच चावणार ना गं?" आणि गोळ्या घेतल्या.

ताई उद्या राहिलेल्या घरांसाठी परत येणार आहेत. वहिनी, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, माहीत आहे मला. जेवून घ्या, उपाशीपोटी गोळ्या घ्यायच्या नसतात.