डांबराआधी मोरी

एका निवृत्त रस्ते अभियंत्याच्या कारकिर्दीवरचा लेख वाचताना बाबा आठवले. तेही सार्वजनिक बांधकाम विभागात ३४ वर्षं होते, बराच काळ सिंधुदुर्गात. पावसाळ्यात आंबोली घाटात जीपमधून उतरले की आधी रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या बघायचे. पालापाचोळ्याने मोरी तुंबली की पाणी रस्त्यावर येतं, खाली मुरतं, भराव मऊ पडतो आणि कड खचते. जोरदार पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे मीटरला अडीच सेंटिमीटर उतार हवा, हे त्यांनी मला सातवीत असताना दोरी आणि पाणसळ घेऊन दाखवलं होतं!

लेखात पुलांबद्दल भरपूर आहे, पण मैलकुलींवर, म्हणजे रस्त्याची देखभाल करणाऱ्या मजुरांवर, एखादा परिच्छेद हवाच होता. दरड कोसळल्याची पहिली खबर तेच आणायचे. बाबा निवृत्त झाले तेव्हा सगळ्यात आधी घरी भेटायला आले तेही मैलकुलीच.