पाच दिवसांत दुबईतज्ज्ञ कसं व्हावं

गेल्या रविवारी आमच्या साडूंकडे सत्यनारायण होता. प्रसादाच्या द्रोणासोबत प्रत्येकाला पिस्त्याचं दुबई चॉकलेट, आणि आरती होताच टीव्हीला मोबाइल जोडून दुबईदर्शन. चार रात्री, पाच दिवस. शेवटी साडूंनी निकाल दिला, "विकसित देश बघायचा असेल तर दुबई. आपण अजून शंभर वर्षं मागे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा की हो, तुम्ही तर नऊ वर्षं होतात तिथे!" मी तोंड उघडेपर्यंत उंटावरचा व्हिडिओ सुरू झाला होता.

नऊ वर्षं एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर होतो मी. हजार-बाराशे माणसांची हजेरी आणि ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, लिहायचो. तेवढ्यानं मला जे ठरवता आलं नाही, ते पाच दिवसांत कसं ठरवायचं याची रीत आता कळली. तुमच्या उपयोगासाठी देतो.

जायचं ते जानेवारीत. गुलाबी थंडीत कुठलाही देश विकसित दिसतो. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला तिथे सरकारचीच बंदी आहे. उन्हाळ्यात गेलात तर तीननंतर काय होतं ते दिसेल, आणि तिकिटाचे पैसे वाया जातील.

बोलताना उंचीवर बोला. बुर्ज खलिफा, 828 मीटर. हा आकडा टाकला की समोरचा गप्प. हिचं नाव आधी बुर्ज दुबई होतं, 2009 च्या डिसेंबरात कर्जात बुडालेल्या दुबईला त्याच देशातल्या अबू धाबीनं 10 अब्ज डॉलर दिले आणि महिन्याभरात, उद्घाटनालाच, इमारतीला अबू धाबीच्या शेखांचं नाव लागलं, हे सांगत बसू नका. (आपल्याकडे देणगीदाराचं नाव देवळातल्या पंख्यावर घालतात. प्रमाणाचा फरक आहे, बाकी भाव तोच.)

एप्रिल 2024 चा, रस्ते आणि विमानतळ पाण्याखाली घालणारा पाऊस कोणी काढलाच, तर लगेच चहा टाकायला सांगा.

आकडे हवेतच. मानव विकास निर्देशांकात अमिराती, म्हणजे दुबई ज्या देशात येते तो देश, 'अति उच्च' गटात आहे, हे ठासून सांगा. ते खरंच आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी तिला अजून 'उदयोन्मुख आणि विकसनशील' देशांत धरतो. हवामान कराराच्या विकसित देशांच्या यादीतही ती नाही, आणि त्याच कराराची 2023 ची परिषद दुबईत झाली होती. असलं कोणी बोललं तर म्हणायचं, "जळतात हो लोक."

शिस्तीचा मुद्दा विसरायचा नाही. "मेट्रोत नुसतं काही खाल्लं तरी 100 दिरहम दंड! हिंमत आहे आपल्याकडे?" हे वाक्य साडूंनी बाल्कनीत उभं राहून म्हटलं आणि प्रसादाचा रिकामा द्रोण खाली टाकला.

आता महत्त्वाची सूचना. बस सोनापूरला न्यायला सांगू नका. कुठलाच टूरवाला नेत नाही, त्यामुळे ही काळजी तशी नकोच. शारजाच्या हद्दीला लागून मुहैसना म्हणून भाग आहे, तिथे लेबर कॅम्प आहेत. त्याला सगळे सोनापूर म्हणतात, म्हणजे म्हणे सोन्याचं गाव. माझे आजोबा गिरगावातले. त्यांच्या तोंडी सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचं स्मशान. पहिल्या दिवशी कॅम्प बॉसनं "चलो, सोनापूर" म्हटलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला होता. पुढे कळलं, मयत गावी पाठवण्याआधी लेप लावतात ते केंद्रही तिथलंच. आजोबा अगदीच चुकीचे नव्हते.

एका खोलीत आठ माणसं, चार दुमजली खाटा. पहाटे चारला मेसच्या शेगडीसाठी रांग, साडेचारला बस. स्टील फिक्सर, शटरिंग कारपेंटर, गवंडी. खेडचे, चिपळूणचे, बिहारचे, पेशावरचे. परदेशी मजुरासाठी किमान वेतनाचा आकडा कायद्यात नाही. युनियन नाही. संप केला तर विमानात बसवतात. पासपोर्ट काढून घेणं बेकायदा आहे, पण आमच्या ऑफिसात लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली मुदीरकडे, म्हणजे मॅनेजरकडे, असायची. "सेफ कस्टडी" म्हणायचे त्याला. एका पोराची आई गेली. त्याला पासपोर्ट मिळाला चौथ्या दिवशी, कारण मुदीर सुट्टीवर. मी टाइमकीपर. त्या चार दिवसांपुढे गैरहजेरीची फुली मीच मारली. कंपनीचा नियम होता. माझं पोट होतं. अजून तो रकाना डोळ्यांपुढे येतो.

आणि हिशोब बघा किती सोयीचा आहे. माणूस तिथे उतरतो तो मेडिकल पास होऊनच. वीस वर्षं त्याला पोसलं खेडच्या आईबापांनी, शिकवलं जिल्हा परिषदेच्या शाळेनं. उमेदीची वर्षं त्यानं दिली दुबईला. कंबर गेली की व्हिसा कॅन्सल, आणि म्हातारपण, डायलिसिस, गुडघे सगळं परत खेडच्या वाट्याला. देशात दहातले जवळजवळ नऊ जण नागरिकच नाहीत. असा बंदोबस्त मिळाला तर आमचा तालुकासुद्धा पाच वर्षांत विकसित होईल!

लिहायचं होतं उपरोधिक, पण जमत नाहीये. जाऊ दे.

दुबईला मी शिव्या देणार नाही. माझा पगार पहिल्या तारखेला बँकेत पडायचा. त्या पैशावर मुलगी इंजिनीअर झाली. रात्री बाराला बायका एकट्या घरी जातात तिथे, हेही डोळ्यांनी बघितलंय. तेल फार नाही हे ओळखून त्या लोकांनी जेबेल अलीचं बंदर काढलं, विमानतळ वाढवला, पैसा कामाला लावला. 1966 पर्यंत तिथे आपल्या रिझर्व्ह बँकेचा रुपया चालायचा, हे सांगून आता छाती फुगवण्यात अर्थ नाही. बंदर विकसित आहे, रस्ते विकसित आहेत. ते सगळं ज्यानं उभं केलं, तो मात्र कंत्राट संपेपर्यंतचा पाहुणा आहे. आणि जे मी आत्ता लिहिलं ते तिथे असताना लिहिलं नसतं. व्हॉट्सॲपवरसुद्धा नाही.

माझा राग तुमच्यावर आहे, साडू. तुमच्यावर, आणि तुमच्यासारख्या पाच-दिवशांवर. तुम्हाला तिथलं आवडलं काय, तर कोणी उलटून बोलत नाही हे. "तिथे मोर्चे नाहीत, आंदोलनं नाहीत," असं किती कौतुकानं सांगत होतात! दंड दुसऱ्याला व्हावा, रांगेत दुसऱ्यानं उभं राहावं, आणि द्रोण मात्र आपण खाली टाकावा. इथे मोर्चा काढता येतो म्हणून तुमच्या बापाला गिरणीचा बोनस मिळायचा, तेवढं तरी आठवा.

शेवटचा किस्सा सांगून तुम्ही हशा मिळवलात. परतीचं विमान सगळं लेबरनं भरलेलं, मोठमोठ्यानं बोलतात, चाकं टेकायच्या आधी उभे राहतात. शेजारच्यानं मनगटावरचं घड्याळ पुढे करून विचारलं, "साहेब, मुंबईत आता किती वाजले असतील?" आणि तुम्ही डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलंत. हसले सगळे. मी पण हसलो, लाज वाटते.

दोन-तीन वर्षांनी घरी चालला असेल तो. दीड तास पुढे, एवढंच तर सांगायचं होतं.